जात्याच्या आडोशाने

वज्रेश्वरी म्हटलं की लोकांना किल्ल्याच्या घडणीचं देऊळ आठवतं, नाहीतर अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. पोर्तुगीजांकडून वसई घेता आली तर देवीचं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी बोलला होता. १७३९ च्या मे महिन्यात वसई हाती आली आणि तानसा नदीच्या काठी, तेव्हाच्या वडवली गावात, हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्या चढता चढता ही हकिकत कुणीही सांगतो. चैत्राच्या अखेरीस इथे जत्रा भरते, पालखी निघते, नगारा वाजतो. देवीच्या वाट्याला आलेला हा मोठा आवाज आहे आणि तो सगळ्यांनी ऐकलेला आहे. ओव्यांच्या या संग्रहात, पुढच्या पानांत, जो आवाज आहे, तो याच देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यांत आणि गावांत पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून घरात दळता-कांडताना निघालेला आहे. तो कुणी ऐकावा म्हणून काढलेलाच नव्हता. त्याला प्रस्तावना लिहायची म्हणजे आधी एवढं मान्य करायला हवं की आपण न बोलावता आलो आहोत.

हा मुलूख भाताचा. आगरी, कुणबी, मल्हार कोळी, वारली, कातकरी अशी इथली वस्ती. पावसात आवणी, दसऱ्यानंतर कापणी, मग झोडणी, आणि वर्षभर रोजच्या रोज तांदूळ काढणं. घाटावर जशी ज्वारी-बाजरी दळायची, तसं इथे भात घिरटीवर भरडायचं, उखळात मुसळाने कांडायचं आणि भाकरीसाठी जात्यावर तांदळाचं पीठ काढायचं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरांच्या दीडशे वर्षं आधीची ही नोंद. ओवीचा विचार करताना आपल्या मनात आधी पोथी येते, मग जातं. इतिहासात क्रम उलटा आहे. मुसळाच्या घावावर बसलेली ओवी आधीची, आणि संतांनी ती तिथून उचलली. मला वाटतं, ज्ञानेश्वरीच्या ओवीत बोलण्याची जी जवळीक आहे ती तिच्या जन्मघराकडूनच आलेली आहे.

या संग्रहातल्या बायकांना आपण गातो असं वाटत नाही. ‘गानी नाय ती, दलन हाय,’ असं एका आजीने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. गाणं म्हणजे लग्नातलं, गौरीतलं, भजनातलं. जात्यावर जे होतं ते कामाचा भाग. ‘ओवी गाते’ असं क्वचित कुणी म्हणतं. बहुतेकींच्या तोंडी ‘ओवी म्हणते’ किंवा ‘ओवी सांगते’ असंच असतं. हे ध्यानात ठेवलं नाही, तर ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकणाऱ्याची निराशा होते. आवाज चिरका लागतो. सूर एका जागी राहत नाही. ओवी सुरू होते त्या पट्टीत संपत नाही. तीन-चार स्वरांच्या पलीकडे चाल जात नाही. मध्येच खोकला येतो, दम तुटतो, शब्द अर्ध्यावर सोडून दुसरीकडून उचलला जातो. रेडिओ आणि सिनेमाने घडवलेल्या कानाला हे सगळं कच्चं वाटतं. ‘आवाज चांगला आहे, पण शिकवणी नाही’ असा अभिप्राय मी चांगल्या जाणकारांकडून ऐकला आहे. ही प्रस्तावना मुख्यतः त्या अभिप्रायाला उत्तर म्हणून लिहीत आहे. या गळ्याची शिकवणी पुरेपूर झालेली आहे. ती दगडाने केली आहे, दमाने केली आहे आणि घरात कुणी जागं तर नाही ना, या सावधपणाने केली आहे.

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक पाय लांब, एक दुमडलेला, खुंट्यावर दोघींचे हात. एकीचा मोकळा हात सुपातले मूठभर दाणे उचलतो आणि जात्याच्या तोंडात सोडतो. खुंटा अंगाकडे येताना दम आत ओढला जातो, समोर जाताना सुटतो. ओवीची ओळ या सुटणाऱ्या दमावर बसते. मूठ घालायला हात वळला की पाळीची गती किंचित मंदावते आणि ओळही तिथे लांबते. दाणे सरत आले की दगडावर दगड घासायला लागतो, आवाज वाढतो, आणि त्याच्या वर जायला गळा चढतो. म्हणजे ज्याला आपण सुराची अस्थिरता म्हणतो, ती पुष्कळदा सुपातल्या धान्याची पातळी असते. नुकतीच टाकी लावलेली पाळी जड फिरते, तिच्यावरची ओवी तुटक होते. झिजलेल्या पाळीवरची सैल, लांब. हे सगळं म्हणणारीच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की जातं नसेल तर ओवी निघतच नाही. या संग्रहासाठी काही जणींनी रिकामं जातं फिरवत ओव्या म्हटल्या. जिच्या घरी जातं उरलं नव्हतं, तिने जमिनीवर हात गोल फिरवत म्हटल्या, आणि तो हात थांबला की तिची ओळही थांबत होती.

छापल्यावर ओवी दोन ओळींत संपते. म्हणताना ती संपत नाही. पहिली ओळ अर्धी म्हणायची, परत म्हणायची, मग पुरी करायची. दुसरी ओळ पहिलीच्या शेपटाला जोडायची. जोडीदारणीने शेवटचा तुकडा उचलायचा. शब्दांच्या मध्ये ‘बाय’, ‘गो’, ‘सांगते’ अशी भर पडत जाते. प्रत्येकीची ही भर वेगळी, चाल वेगळी. याला बायका ‘गळा’ म्हणतात: हिचा गळा, तिच्या आईचा गळा, सासूकडून आलेला गळा. ओव्या गावभर फिरतात, कुणाच्याही तोंडी असतात; गळा मात्र जिचा तिचा. कागदावर उतरवताना आपण नेमकी ही भर गाळतो, कारण तिला अर्थ नसतो. पण दुःख राहतं ते त्या भरीतच.

एक उदाहरण इथेच सांगतो. संग्रहात पावसाळ्यातली एक ओवी आहे. म्हणणारी सत्तरीच्या पुढची. तिचं तान्हं मूल पुराच्या दिवसांत आजारी पडलं, नदी ओलांडून दवाखाना गाठता आला नाही. ओवीत मूल गेल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. नदीने वाट खाल्ली एवढंच पहिल्या ओळीत आहे; दुसऱ्या ओळीत झोळी धुऊन, घडी करून माळ्यावर ठेवल्याचं आहे. वाचताना ती चटकन संपते. म्हणताना पहिली ओळ ती सरळ म्हणते, जवळजवळ बोलल्यासारखी. मग ‘बाय गो’वर येते आणि तिथेच राहते. तो स्वर खाली घसरतो, तुटतो, आणि जातं एक पुरा वेढा गप्प फिरतं. नंतर दुसरी ओळ येते ती आधीपेक्षा खालच्या पट्टीत, आणि कोरडी. झोळीच्या घडीपाशी गळ्यात काहीही नसतं. संगीताच्या भाषेत पट्टी सुटली. माझ्या मते, मराठीत शोक इतक्या नेमकेपणाने क्वचितच बांधला गेला आहे. जो गप्प वेढा आहे तो त्या रचनेचा भाग आहे, आणि बाईंनी ही ओवी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटली तेव्हा तो त्याच जागी होता.

हे असं उघडं बोलणं या बायकांना कसं जमलं, याचं कारण शोधताना जात्याचा आवाजच समोर येतो. पहाटे घर झोपलेलं. माणसांनी गच्च भरलेल्या घरात सुनेला स्वतःचा कोपरा नसायचा, पण जात्याच्या घरघरीने तिच्याभोवती एक भिंत उभी राहायची. शेजारच्या खोलीत सासूला काम चालू असल्याचं कळत होतं. शब्द कळत नव्हते. कळलेच, तरी ते जात्यावरचे. त्याचा जाब विचारायचा नाही, असा अलिखित रिवाज होता. दिवसा ज्या सुनेला सासऱ्यासमोर मान वर करायची मुभा नव्हती, ती पहाटे त्याच घरात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, बापाने दिलेल्या स्थळाबद्दल, भावाने न पाठवलेल्या मुऱ्हाळ्याबद्दल बोलायची. त्यातही एक आड असायचं. अनेक ओव्यांत स्वतःऐवजी सीता येते. सीतेचा वनवास, सीतेला कैकेयीचा जाच, रानातलं तिचं एकटं बाळंतपण. रामाला दोष देण्याची ज्यांची टाप नव्हती, त्यांनी सीतेच्या तोंडून सगळं देऊन टाकलं आहे. तरीही प्रत्येक सीता म्हणजे म्हणणारीच असं समजून वाचू नये. काही वेळा सीता ही सीताच असते. तिच्यावर यांची माया आहे, तिच्यासाठी यांचा जीव तुटतो.

आणि सगळंच रडगाणं आहे असंही नाही. लेकीच्या हुशारीचा तोरा आहे, भावाच्या नव्या सायकलचं कौतुक आहे, जावेच्या स्वयंपाकाची बारीक टिंगल आहे, वज्रेश्वरीला केलेल्या नवसाची तिला करून दिलेली रोखठोक आठवण आहे. देवीशी बोलतानाचा त्यांचा स्वर माहेरच्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसा: आदर आहे, धाक नाही.

ओव्या जमवणारी मोठी माणसं आपल्याकडे होऊन गेली. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’, कमलाबाई देशपांड्यांचं ‘अपौरुषेय वाङ्मय’, मालतीबाई दांडेकरांचं ‘लोकसाहित्याचं लेणं’, दुर्गाबाई भागवतांचा अभ्यास, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेली पुस्तकांची रांग: यांच्याविना आपल्याला या वाङ्मयाची ओळखही राहिली नसती. गुरुजींनी तर या ओव्या ज्या हळवेपणाने वाचल्या, तसा वाचक पुन्हा मिळणं कठीण. पण त्या पिढीला हे वाङ्मय वाटलं, आवाज वाटला नाही. मायलेकरं, बहीणभाऊ, सासर-माहेर अशा नात्यांच्या कप्प्यांत ओव्या लागल्या, आणि कोणती ओवी कुणी, कोणत्या चालीवर म्हटली याची नोंद बहुधा राहून गेली. गोड, सुवाच्य ओव्या शाळेच्या पुस्तकापर्यंत गेल्या. भरड ओव्या मागे राहिल्या. ‘अपौरुषेय’ हा शब्द मोठ्या गौरवाने वापरलेला आहे, पण कर्ता नसलेलं असं म्हटलं की कर्तीचा दमही त्यात हरवतो.

हे चित्र बदललं ते पुण्यातल्या दोन माणसांमुळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ हे मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते. बायकांच्या बैठकींत मनातलं बोलणं येईना, ओव्या मात्र येत. १९८० च्या दशकात त्यांनी त्या लिहून घ्यायला सुरुवात केली आणि काम वाढत वाढत हजाराहून अधिक गावांत गेलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीसोबत म्हणणारीचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवलं. मला हे सगळ्यात मोठं काम वाटतं. नंतर बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रणं केली. पॉइटव्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा ठेवा आवाजासकट लोकांसमोर आणला. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज कुणालाही ऐकता येतो. कुष्ठरोगामुळे घराबाहेर पडलेल्या आणि गावच्या देवळाच्या आश्रयाने राहिलेल्या या बाईंनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हटल्या आहेत. त्या ऐकल्यावर ‘चांगला आवाज’ म्हणजे काय, याबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही याच ठेव्यात आहेत. जातं फक्त माहेरासाठी झुरत होतं, अशी समजूत असेल तर त्या जरूर ऐकाव्यात.

बहिणाबाई चौधरींचा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्या आपल्याला छापील रूपातच भेटल्या. जळगावजवळच्या आसोद्याची ही शेतकरीण लिहू-वाचू शकत नव्हती. घरोट्यावर, चुलीपाशी, शेतात तिने रचलेलं मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं. अत्र्यांनी ते बावनकशी सोनं ओळखलं याचं श्रेय त्यांना आहेच. पण बहिणाबाईंचा गळा कसा होता, हे आज कुणालाच ऐकता येत नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांची गाणी घराघरांत गेली ती वाद्यमेळासह, कसलेल्या गळ्यांतून. ती सुंदर आहेत. त्यांच्यामुळे घरोट्यावरची बाई अशीच गात असणार, असा आपला पक्का समज झाला, एवढंच माझं म्हणणं.

असाच प्रकार जगात इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या व्हेरा हॉल या धुणीभांडी, स्वयंपाक करून जगणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. त्यांनी वाद्याशिवाय म्हटलेली गाणी लोमॅक्स पितापुत्रांनी मुद्रित केली. त्यातल्याच एका मुद्रणाचा तुकडा १९९९ मध्ये मोबी या संगीतकाराने नाचाच्या ठेक्यावर बसवला आणि तो जगभर वाजला. लोकांना तो आवाज आवडला. त्या गाण्याला मुळात जो श्वासाचा ठेका होता, तो यंत्राच्या ठेक्याखाली गेला. स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांवर बायका ओलं लोकरी कापड फळीवर आपटत घट्ट करायच्या. एकीने ओळ काढायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांनी ती झेलायची. आपल्या ‘बाय गो’ची ती दूरची बहीणच. तिथेही जे बोलायची सोय नव्हती ते कामाच्या ठेक्यात बोललं गेलं.

शास्त्रीय संगीताने या गळ्याकडे कधी लक्षच दिलं नाही, असं मात्र नाही. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीअखेर क्षयाने आजारी होऊन देवासला आले. पुढची जवळपास पाच वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते आसपासच्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिले, टिपत राहिले. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस निकामी होतं. लांब दमाची तान घेता येणार नव्हती. त्यांनी लहान तुकड्यांत, मध्ये मोकळ्या जागा ठेवून गायला सुरुवात केली. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, आणि १९६५ च्या ‘अनुपरागविलास’मध्ये ते ग्रंथबद्ध झाले. ज्या गायकीला सुरुवातीला अनेकांनी नावं ठेवली, तिच्यातली शांतता आज लोक कान देऊन ऐकतात. दमाची मर्यादा ही गाण्याची रीत होऊ शकते, हे एवढ्या मोठ्या गायकाने सिद्ध केलं. जात्यावरची बाई तेच रोज पहाटे करत होती, आणि तिला कुणी नावंही ठेवली नाहीत, कारण कुणी ऐकतच नव्हतं.

वज्रेश्वरीच्या परिसरातला दुसरा गळा धवलारणीचा. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि पुढेही धवले म्हणायचे, ते धवलारणीने. वारल्यांतही लग्न लावणारी धवलेरी असते. सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. बायकांनी लग्न लावण्याची ही रीत या भागाची शान आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस महदंबेने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी धवळे रचले, म्हणून तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. आगरी धवलारणीने महदंबेचं नावही ऐकलेलं नसेल, पण लग्नात बाईने धवळा म्हणायचा हा रिवाज तिच्याकडे आजही चालू आहे. धवल्याचा गळा ओवीपेक्षा वेगळा. दोघी-चौघी एकत्र, संथ, एकसूर, वाद्य नाही, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. त्यात स्वतःचं काही बोलायचं नसतं. तरी नवरीला तेल चढवतानाच्या धवल्यात एखादीचा स्वर हलतो, कारण तिची स्वतःची लेक दूर दिलेली असते. बाकीच्या तिला सांभाळून घेतात. ती गप्प राहते तेवढा वेळ त्या चालवतात. ही सांभाळून घेण्याची कला या संग्रहात जागोजागी ऐकू येईल. आता भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या हळदीला डीजे लागतो, आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे धवलारणीला एक कोपरा आणि थोडा वेळ दिला जातो. तरुण पोरांनी नाचू नये असं मला मुळीच वाटत नाही. धवला पुरा होईपर्यंत डीजे बंद ठेवणारी घरंही इथे आहेत. ती वाढावीत, एवढी इच्छा आहे.

जातं गेलं ते चक्कीमुळे, आणि चक्कीबद्दल कुणाही बाईच्या मनात राग नाही. पहाटे उठून तांदूळ कांडणं हे कष्टाचं काम होतं. खांदे दुखायचे, हाताला घट्टे पडायचे, बाळंतिणीलाही सुट्टी नव्हती. ओवीच्या प्रेमापोटी जात्याचे दिवस परत यावेत असं म्हणणं हा त्या खांद्यांचा अपमान होईल. या बायकांच्या सुना-नाती आज भिवंडीच्या गोदामांत मालाची बांधाबांध करतात, टेम्पोने जातात, टेम्पोने येतात. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि गोदामांच्या घाईत जात्यासारखा आडोसा मिळत नाही. तिथला आवाज दुसऱ्याने चालवलेला असतो, त्याची गती आपल्या दमाच्या ताब्यात नसते. मग त्यांचं मनातलं कुठे जातं, हा प्रश्न मी काही मुलींना विचारला. एकीने मोबाइल काढून दाखवला. आजीची ओवी तिने स्वतःच्या आवाजात, शब्द बदलून, हलक्या स्वरात म्हणून ठेवली होती. कुणाला पाठवलेली नव्हती. ती ध्वनिफीत संग्रहात घ्यायची परवानगी तिने दिली नाही. मला तिचा नकार योग्य वाटतो.

आता मांडणीविषयी. ओव्या नात्यांप्रमाणे लावलेल्या नाहीत. म्हणणारीप्रमाणे लावल्या आहेत. एकीच्या तोंडून एका बैठकीत ज्या क्रमाने आल्या, त्याच क्रमाने. त्यामुळे भावाच्या कौतुकानंतर अचानक मरणाची ओवी येईल आणि लगेच सुनेची चेष्टा. तसंच वाचावं. सगळ्या जणी हयात नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या अनेकींना घरातली गोष्ट नावासह छापून यायला नको होती. राईरकर-पॉइटव्हँ यांनी नावं नोंदवून जे केलं त्याचा मला आदर आहे, पण इथे म्हणणारींचा शब्द अखेरचा मानला आहे. काही ओव्या म्हणून झाल्यावर ‘ही नको’ असं सांगितलं गेलं. त्या घेतलेल्या नाहीत, आणि कुठल्या विषयाच्या होत्या तेही लिहिलेलं नाही.

बोली सुधारलेली नाही. ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ड’च्या जागी ‘र’ ऐकू आला तसाच ठेवला आहे. भरीचे शब्द गाळलेले नाहीत. त्यामुळे पानं वाढली, त्याला इलाज नव्हता. दम तुटतो तिथे एक उभी रेघ आहे, जातं गप्प फिरतं तिथे एक लहान गोल. एका गोलाचा अर्थ एक वेढा. दोन असतील तर दोन. वाचताना त्या गोलांपाशी तेवढा वेळ थांबावं, आणि जमलं तर ओवी मोठ्याने म्हणावी. चाल ठाऊक नसली तरी चालेल. काहीतरी दळत, वाटत, निवडत असताना म्हटली तर दमाची जागा आपोआप सापडते.